पाजायची सिप

सगळं नीट झालं, हे आधीच सांगून टाकतो. लोकांचा जीव टांगणीला लावून गोष्ट लांबवायची मला सवय नाही. माझी नात आता चालते, पडते, पुन्हा उठते, आणि तिचा हात पोहोचू नये म्हणून मला माझे डबे कपाटावर चढवून ठेवावे लागले आहेत.

डबे शिंपल्यांचे आहेत. आमच्याकडं शिंपल्याला सिप म्हणतात. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी वैनगंगेच्या रेतीतून सिपा गोळा करतो, त्यांची जात ओळखतो, मापं घेतो, चिठ्ठी लावतो आणि मिठाईच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं मी तपासणी विभागात होतो. दुसऱ्यानं बनवायचं आणि मी त्यात खोट काढायची, अशी ती नोकरी. माझ्या हाताखालून सुटलेला तुकडा कधी परत आला नाही, याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. बायको पाहुण्यांना सांगते, "हे फॅक्टरीतून रिटायर झाले, पण रिजेक्ट करण्यातून नाही झाले." भाजीवाल्याकडचं वांगंसुद्धा मी उजेडाकडं धरून पाहतो, हे खरं आहे. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

सिपांचा नाद समुद्रावर लागला. नोकरीत असताना एकदा एलटीसी घेऊन आम्ही पुरीला गेलो होतो. सगळे लाटांत उड्या मारत होते आणि मी खाली मान घालून चाललो होतो. एकाच वाळूत इतके प्रकार, आणि प्रत्येकाची घडण ठरलेली, हे पाहून माझ्यातला तपासनीस खूश झाला. परत येताना शिंपले ओळखायचं एक पुस्तक घेतलं. घरी येऊन उघडलं तर त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत समुद्रच. आता भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा? मी बरीच वर्षं ते पुस्तक रागानं बंदच ठेवलं. निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात माझ्या बहिणीच्या गावी नदीवर गेलो, तेव्हा आटलेल्या पात्रात पायाखाली करकर वाजलं. वाकून पाहिलं तर सिपा. समुद्र नसला म्हणून काय झालं, नदी तर होती.

नदीच्या सिपांवर आमच्यासाठी कोणी पुस्तक लिहिलेलं मला मिळालं नाही, म्हणून मी माझीच पद्धत बसवली. आमच्या पट्ट्यात मुख्य तीन प्रकार सापडतात. एक लांबट, काळपट, तळहाताएवढी मोठी होणारी. तिच्या आतल्या बाजूला निळसर चमक असते. दुसरी बुटकी आणि जाड, जिच्या वरच्या गाठीवर नागमोडी रेघा असतात. या रेघा पाण्यानं झिजतात, म्हणून कोवळ्या सिपीवरच नीट दिसतात. तिसरी नखाएवढी, पिवळी, तीन कोनांची. ती इतकी सापडते की मी आता वाकतही नाही. पाळं, म्हणजे जोडीतला एक अर्धा शिंपला, उजवं की डावं हे बिजागरीवरून कळतं. पाठीवरच्या गडद रेघा मोजल्या की वयाचा अंदाज येतो. जिवंत सिप हाताला लागली तर ती जागच्या जागी परत ठेवायची आणि रिकामी तेवढी घ्यायची, हा नियम मी आजवर मोडलेला नाही. फुटकी घ्यायची नाही, हा दुसरा.

बहिणीचं गाव मोहाडी तालुक्यात आहे, नदीला लागून. तेच आमचं जन्मगाव. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि तिला गावातल्या गावातच दिली. आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून माझ्या तोंडी ती बाईच आहे. तिच्या घरी चहा घेऊन मी घाटावर उतरत असे. त्या घाटाच्या खालच्या अंगाला, पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या रेतीत, मला दरवर्षी एखाददुसरी वेगळी सिप सापडायची. दिसायला काळ्या लांबट जातीची, पण निमुळत्या टोकाकडची कड गोल आणि गुळगुळीत. नखावरून फिरवली तरी ओरखडा उठत नसे. इतर सिपांची कड ब्लेडसारखी असते. आणि हिचं नेहमी एकच पाळं मिळे, जोडी कधी नाही. अशा अकरा जमल्या. दुसऱ्या कोणत्याही घाटावर एक नाही.

मी सहा वर्षं विचार केला आणि ठरवलं की ही वेगळी जात आहे. त्या अकरांचा स्वतंत्र डबा केला, वर चिठ्ठी लावली, "नवी जात?". प्रश्नचिन्ह आपलं नम्रपणा म्हणून. नागपूरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना लिहायचं पत्र तीनदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. ते टपालात टाकणार, तेवढ्यात मुलगी बाळंत झाली.

ती माहेरी आली होती आणि अजून दीड महिना अवकाश होता. जावई पुण्याला. ऐन थंडीत एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत नात झाली. मी तिला काचेतून पाहिलं. माझ्या पंजात मावेल एवढी. सतरा दिवस ती काचेच्या पेटीत होती. घरी सोडलं तेव्हा तिचं वजन एक किलो सातशे होतं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की आता वजन वाढलंच पाहिजे. आठवड्यानं आणून दाखवा, कमी झालं तर पुन्हा भरती करावं लागेल आणि नळीनं दूध द्यावं लागेल.

मुलीला दूध होतं. पोरीला ओढायची ताकद नव्हती. चार वेळा ओढायची आणि दमून झोपी जायची. दवाखान्यात नर्सनं काढलेलं दूध एका छोट्या चोचीच्या वाटीनं पाजायला शिकवलं होतं. तशी वाटी घ्यायला मी तीन मेडिकलवाल्यांकडं गेलो, कुणाकडंही नव्हती. एकानं नागपूरहून मागवतो म्हटलं. तोवर आम्ही चमच्यानं पाजत होतो. बायको एकदा, मुलगी एकदा. चमच्यातलं अर्धं दूध पोटात जायचं आणि अर्धं गालावरून मानेखालच्या फडक्यात. जास्त गेलं की ठसका लागायचा, ठसका लागला की आम्हा तिघांचा श्वास अडकायचा.

मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. मी वही केली. किती चमचे दिले, किती आत गेले, किती सांडले. दोन दिवस मुलीनं सहन केलं. तिसऱ्या दिवशी तिनं वही माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "बाबा, लिहू नका. मला दिसतंय ते." मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

आठवड्यानं वजन केलं. एक किलो सहाशे साठ. चाळीस ग्रॅम कमी. डॉक्टरीणबाईंनी आणखी चार दिवस दिले, त्यापुढं नाही. मला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे मी मनातसुद्धा पूर्ण म्हणत नव्हतो. एवढा मोठा मी, आयुष्यभर हे चालेल आणि हे नाही चालणार असं म्हणत आलेला, आणि आता दुसऱ्याच्या काट्याकडं पाहत बसलो होतो.

त्याच दिवशी दुपारी बाई आली. नवे तांदूळ आणि जवसाचे लाडू घेऊन, बसनं. हातपाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं, आणि बायको चमच्यानं पाजत होती ते थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली की चमच्यानं हे होणार नाही. चमचा एकदम घोटभर ओततो, या जिवाला बारीक धार पाहिजे. आपल्याकडं सिपीनं पाजत. मग माझ्याकडं वळून ती जे बोलली ते मला अजून बोचतं.

"तुह्या घरी सिपाच सिपा, बाबू. अन् पोरगी उपाशी."

मी सगळे डबे खाली काढले. पहिला उघडून काळ्या आणि जाड जातीतला फरक सांगायला लागलो, तर तिनं हातानं थांबवलं. स्वतःच एकेक डबा उघडून बाजूला सारत गेली. कड धारेची, नको. ही लहान, नको. शेवटचा डबा उघडला आणि एक सिप उचलून तिच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठं मिळाल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं, तुमच्याच घाटाखाली, आणि इतके दिवस कुणापुढंच मांडता आलं नव्हतं म्हणून नव्या जातीचं सगळं प्रकरण तिच्यापुढं मांडलं. तिनं झाकणावरची चिठ्ठी उचलली, अक्षर लावून वाचली, आणि हसायला लागली. पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली. बायको आतून बघायला आली.

मग बाईनं सांगितलं. आमच्या गावात कुणी पोटुशी राहिली की नदीतून एक मोठी सिप आणायची आणि शेवटच्या दोन महिन्यांत, बसल्या बसल्या, ओल्या दगडावर तिची कड घासायची. बाळाच्या ओठाला लागणार नाही इतकी मऊ होईपर्यंत. घुटी त्या सिपीनंच, अंगावर ओढत नसेल तर दूधही तिनंच. लेकरू भाताला लागलं, उष्टावण झालं, की आईनं ती सिप घाटावर न्यायची, तिच्यात भाताची चार शितं ठेवायची आणि नदीत सोडायची. हे बायकांचं काम, पुरुषांना त्यातलं काही माहीत नसायचं. पुढं दवाखाने आले, बाटल्या आल्या, आणि ते बंद पडलं. "तुही सिप मायनं सोडली तवा मी संगं होती," ती म्हणाली. "यातच असंल एखाद्या वेळेस."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी त्याच गावात जन्मलो. त्यातलीच एखादी सिप माझ्या तोंडाला लागलेली. तेही एक वेळ सोडा. पण घासलेली कड आणि उपजत कड यांतला फरक ओळखण्याचा पगार मी चौतीस वर्षं घेतला होता. शिकाऊ पोरगासुद्धा सांगेल की हे हातकाम आहे. मी त्याला जात म्हणून बसलो. ते पत्र अजून टपालात पडलं नव्हतं, एवढीच देवाची कृपा. मी ते तिथंच फाडलं.

बाई मात्र डब्याकडंच बघत होती. तिनं अकरा सिपांवरून एकदा हात फिरवला.

"जे लेकरू भाताले लागलं त्याचीच सिप नदीत जाते, बाबू. हे अकराच्या अकरा जेवले."

हे ऐकलं आणि मी त्या सिपा एकेक करून पुन्हा मोजल्या. अकरा. त्यांतले कितीतरी अशक्त असतील, अपुऱ्या दिवसांचे असतील, दवाखान्याशिवाय वाढलेले. ते सगळे भात खाऊन मोठे झाले होते. मोहाडीच्या बाजारात म्हातारे होऊन फिरत असतील, कुणाशी तरी हुज्जत घालत असतील. मी त्यांना इतकी वर्षं डब्यात घालून ठेवलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी म्हटलं, मग यांतलीच चांगली निवड. बाईनं मान हलवली. नदीला दिलेलं परत घेत नाहीत. ती उठली, पिशवी घेतली आणि चहाही न घेता बसस्टॉपकडं चालू लागली. मला वाटलं ती रागावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती परत आली. ओसरीवर बसून तिनं कमरेची चंची सोडली आणि सुती चिंधीत गुंडाळलेली एक सिप माझ्या हातात दिली.

मी सवयीनं खिडकीशी गेलो, भिंग काढलं. काळी, मोठी, कुठं टवका नाही. कड अशी घासलेली की मी बोट फिरवतच राहिलो. माझ्या अकरांत अशी एकही नव्हती. जिनं कुणी हे केलं होतं तिला भरपूर वेळ होता आणि फार हौस होती. मग आतली बाजू पाहिली. माझ्या अकरांची आतली चमक वापरानं आणि पाण्यानं उडालेली होती. हिची जशीच्या तशी होती. ही सिप वापरलीच गेली नव्हती म्हटलं तरी चाललं असतं. आणि ही नदीत गेली नव्हती.

तेव्हा मला कळलं. बाईला दोन मुलगे आहेत, पण तिची पहिली मुलगी होती. मी तेव्हा शाळेत होतो. ती एकोणीस दिवस जगली. आमच्या घरात त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

मी खिडकीपाशीच उभा राहून विचारलं, ही कुणाची. ती म्हणाली, तुला माहीत आहे. मी हळू आवाजात म्हटलं की ही मी वापरू देणार नाही. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही. मांजर आडवं गेलं म्हणून माझी स्कूटर कधी थांबली नाही. पण त्या सकाळी ती सिप नातीच्या ओठाला लागू नये असंच मला वाटत होतं. एवढं बोलल्यावर मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि पुन्हा माझ्या दारात यायची नाही.

बाईचा आवाज चढला नाही. "सिपीत खोट आहे का? पाह्य. तुह्यं कामच ते आहे."

मी पुन्हा पाहिलं. खरं सांगतो, मला खोट हवी होती. केसाएवढी चीर, टोकाला एक टवका, काहीही. तीनदा भिंग फिरवलं, बोटानं कड चाचपली, उजेडाकडं धरली. काही मिळालं नाही. खोट नसताना मी आयुष्यात एकही तुकडा परत पाठवलेला नव्हता.

"नाई," मी म्हटलं.

"मंग पास कर. तिचं आयुष्य थोडं होतं. सिपीचा काय गुन्हा? हिचं काम राहून गेलं आहे."

मी सिप तिला परत दिली. घरातल्या बायकांना हे सांगायचं नाही असं माझ्या मनात ठरत होतं, तोवर बाई आत गेलीही होती. तिनं मुलीपुढं सिप ठेवली आणि सरळ सांगितलं की ही माझ्या पहिल्या मुलीसाठी घासली होती, ती राहिली नाही. तू नको म्हणशील तर नको, मला राग नाही. मुलीनं सिपीकडं पाहिलं, मग पोरीकडं. मी दारात उभा होतो. मुलीच्या जागी मी असतो तर काय म्हणालो असतो ते मला माहीत होतं, आणि म्हणून मला खाली बघावंसं वाटलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्हीच पाजा."

बायको जास्त व्यवहारी आहे. तिनं आधी नर्सला फोन लावला. नर्स म्हणाली, कड फुटकी नसेल तर हरकत नाही, दर वेळी चांगली उकळून घ्या, बाळाला डोकं वर करून धरा, ओठाला लावा, घशात ओतू नका. मी सिप उकळायला ठेवली. घड्याळ लावून. तेवढं एक काम मला मिळालं आणि पुढचे सगळे दिवस मी ते कुणाला करू दिलं नाही.

बाईनं नातीचं डोकं कोपरात धरलं आणि सिपीची कड खालच्या ओठाला टेकवली, जरा तिरपी. दूध ओठापर्यंत आलं आणि थांबलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. मग पोरीची जीभ बाहेर आली, इवलीशी, आणि तिनं ते दूध स्वतः आत घेतलं. पुन्हा जीभ बाहेर. पुन्हा आत. चमच्यानं आम्ही तिच्या तोंडात ओतत होतो. इथं ती स्वतःच्या चालीनं पीत होती, दमली की थांबत होती. सिप रिकामी झाली आणि मानेखालचं फडकं कोरडं होतं. मुलीनं ते फडकं उचलून दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि मला दाखवलं. मी मान हलवली.

बाई चार दिवस राहिली. तिनं मुलीला शिकवलं, बायकोला शिकवलं, मला नाही शिकवलं. चौथ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सनं पोरीला काट्यावर ठेवलं आणि आकडा सांगितला, एक किलो सातशे चाळीस. मी म्हटलं, काटा शून्यावर आणून पुन्हा करा. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की बायकोला माझ्या वतीनं माफी मागावी लागली. पण केलं तिनं पुन्हा. सातशे चाळीसच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरीच राहू द्या, जे करता ते चालू ठेवा.

बाहेर टपरीवर मी तीन समोसे खाल्ले. दहा-बारा दिवस मला जेवणाची चवच नव्हती आणि एकदम वाघासारखी भूक लागली. बायको म्हणाली, "डॉक्टरनं पोरीचं वजन वाढवायला सांगितलं, तुमचं नाही." मुलगी हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. मी चौथा समोसा सांगितला.

त्यानंतर गाडी रुळावर आली. महिन्याभरानं पोर अंगावर ओढायला लागली, आधी दिवसातून एकदा, मग सारखी. नागपूरची चोचीची वाटी अखेर आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. सिप मी शेवटची उकळली, पुसली आणि बाईला फोन केला. ती म्हणाली, आता भाताची वाट पाहा.

उष्टावण बाईच्या घरी करायचं ठरलं. जेठ सरत आला होता, नदी अजून खालीच होती. जावईही आला होता. माझ्या भाच्यानं मामा म्हणून नातीच्या तोंडात दूधभात घातला. तिनं पहिला घास बाहेर काढला, विचार केला, दुसरा गिळला, आणि तिसऱ्यासाठी भाच्याचं बोट धरलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती पोरीच्या गळ्याकडं बघत होती, घास खाली जातो की नाही ते.

मग बायका घाटावर निघाल्या. पुरुषांनी जायचं नसतं, पण नात माझ्या कडेवर होती आणि ती मी सोडली नाही. बाई म्हणाली येऊ दे, त्यानंच उकळली आहे. पाण्याशी गेल्यावर मुलीनं सिपीत भाताची चार शितं ठेवली. रीत अशी की आईनं सोडायची. मुलीनं सिप दोन्ही हातांत धरली आणि बाईपुढं केली. "आत्याबाई, ही सोडायचं तुमचं आहे."

बाईनं सिप घेतली. मग लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात गेली, वाकली आणि सिप पाण्यावर ठेवली. ती थोडी दूर तरंगत गेली. कडेवरून पाणी आत आलं, शितं हलली आणि सिप बुडाली.

"जाय, माय," बाई पाण्याकडं बघून म्हणाली. "खाल्ला तुनं भात."

मग ती काठावर आली, माझ्याकडून नातीला घेतलं, आणि म्हणाली की चला, मला भूक लागली आहे.